माझं पोर जेवलं का?

ताई, सा. न. वि. वि.

तुम्हाला थोरली बहीण समजून लिहिते. आम्ही गडहिंग्लज तालुक्यातले. शेती आहे, गावात छोटं दुकान आहे. थोरली मुलगी तेवीस वर्षांची, पुण्यात कंपनीत नोकरीला. वटपौर्णिमेच्या सुमारास एक चांगलं स्थळ आलं. पाहुणे बघायला यायच्या आदल्या रात्री तिनं मला माडीवर बोलावलं आणि म्हणाली, "आई, मी मुलगी नाही. मला कळायला लागल्यापासून नाही. मी मुलगा आहे." वर सांगितलं, पुण्यात डॉक्टरांकडं चार महिने झाले इंजेक्शनं चालू आहेत. फोनवर तिचा आवाज बसलेला वाटायचा, तर मी हळद-दूध घे, आडुळसा घे म्हणून सांगत होते. त्या रात्री बघितलं, छातीला क्रेप बँडेज करकचून बांधलेलं. पुढच्या वर्षी ऑपरेशन करायचं म्हणते.

ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. वन्सं म्हणतात देवऋष्याकडं न्या, नाहीतर लग्न लावून टाका, आपोआप ठिकाणावर येईल. धाकटा म्हणतो हे सगळं मोबाईलमुळं. टीव्हीवर बीडचा पोलीस दाखवला होता, तशी काही तपासणी करून घ्यावी का? मला आपले दारात येणारे जोगते माहीत. माझी पोरगी अशी दारोदार फिरणार का? लहानपणी मीच हौसेनं शर्ट-पँट घालत होते, त्यानं झालं का? आता विचारते, गौरी-गणपतीला येऊ का. काय सांगू?

– एक आई

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे थांबू शकतात आणि हा थांबणार नाही. ये म्हणून सांगा. आजच फोन करा. "ये, पण..." असं नको, नुसतं "ये" म्हणा. मग हे पुढचं सावकाश वाचा.

पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हळद-दुधापाशी अडले. लेकराचा आवाज फुटत होता. का, ते सांगायची सोय नव्हती, आणि तिकडून आई औषध सांगत होती. बहुतेक त्यानं ते दूध गरम करून प्यायलंही असेल. खोटं बोलायचं असतं, तर तो त्या रात्री माडीवर गप्प राहिला असता, पाहुण्यांसमोर चहा घेऊन गेला असता. त्यानं आधी तुम्हाला बोलावलं. बापाला नाही, भावाला नाही, तुम्हाला.

मी 'तो' लिहितेय, हे तुम्हाला खटकत असेल. तुमच्याकडं एक गंमत आहे बघा. कोल्हापूर भागात बाया-पोरीसुद्धा "मी जातो, मी येतो" म्हणतात. पुण्यात शाळेत एखादी मुलगी असं बोलली तर बाई दुरुस्त करतात, तुमच्या गावात कुणाचं लक्षही जात नाही. त्यामुळं तुमचं पोर वीस वर्षं स्वतःला "मी आलो, मी जेवलो" म्हणत राहिलं आणि घरात कुणाला वेगळं वाटलं नाही. त्याला मात्र ते एक-एक क्रियापद किती जपून ठेवावंसं वाटलं असेल, याचा विचार करा. नंतर कॉलेजात आणि ऑफिसात त्याला "आले, गेले, जेवले" म्हणावं लागलं असणार. आपल्या भाषेत स्वतःविषयी एक साधं वाक्य बोलायचं तरी आधी बाई का बुवा ते सांगावं लागतं. आपल्याला ते जाणवत नाही. त्याला दिवसातून शंभरदा जाणवतं.

"जेवलास का?" म्हणायला तुमची जीभ लगेच वळणार नाही, हे मला माहीत आहे. तेवीस वर्षांची सवय आहे. पण मराठीनं आईला एक वाट आधीच देऊन ठेवलीय. "आलं का माझं पोर? जेवलंस का? दमलं असेल लेकरू." हे तुम्ही आजवर हजारदा म्हटलं असेल. तिथून सुरुवात करा. सुरुवातच, बरं का. कायम तेवढ्यावरच राहिलात, तर 'तो' म्हणायचं टाळताय हे त्याला कळेल, आणि काहींना 'पोर-लेकरू'चं हे 'ते-ते' मनाला फार लागतं. त्यालाच विचारा, "मला एकदम जमंना झालंय, पोर म्हटलं तर चालंल का?" चुकून 'ती' निघालं तर लगेच 'तो' म्हणा आणि पुढं बोला. तिथं रडत माफी मागत बसू नका, नाहीतर तुमची समजूत काढायचं कामही त्याच्यावरच येतं.

आता तुमचा तो शर्ट-पँटचा प्रश्न. नाही, त्यानं झालेलं नाही. आपल्याकडं निम्म्या घरांत मुलींना हौसेनं शर्ट-पँट घालतात आणि त्या मोठ्या होऊन नऊवारी नेसून मिरवतात. माणसाला आतून आपण पुरुष आहोत की बाई, की दोन्हीत न बसणारं कुणी, ही जी जाणीव असते तिला लिंगभाव म्हणतात. बहुतेकांची ही जाणीव आणि जन्माच्या वेळी सुईणीनं शरीर बघून सांगितलेलं, दोन्ही जुळतात. काहींचं जुळत नाही. का जुळत नाही, याचं एक ठरावीक कारण सापडलेलं नाही. पण लाड, कपडे, भावाबरोबर खेळणं, आईनं गरोदरपणात काय खाल्लं, यानं हे घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांची यादी नव्यानं केली, २०१९ मध्ये मंजूर केली, २०२२ पासून ती लागू झाली. त्या यादीत ही गोष्ट मानसिक आजारांतून काढलेली आहे. यादीतून पुरती मात्र काढली नाही, कारण औषधोपचाराची गरज पडते तेव्हा दवाखान्याचं दार उघडं राहिलं पाहिजे.

धाकट्याला म्हणावं, मोबाईल सोड, घरोघरी टीव्हीही नव्हता तेव्हाची गोष्ट ऐक. मायकेल डिलन नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. जन्मल्यावर त्यांना मुलगी म्हणून वाढवलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घ्यायला सुरुवात केली, हेच जे तुमच्या मुलाला चालू आहे ते. पुढं शस्त्रक्रिया झाल्या, बोटीवरचे डॉक्टर म्हणून त्यांनी नोकरी केली. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं गुपित फोडलं, तेव्हा ते सगळं सोडून भारतात आले, बौद्ध भिक्षू झाले आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले. मोबाईलनं एवढंच केलंय, की गडहिंग्लजच्या पोराला आपल्यासारखी आणखी माणसं आहेत हे तेवीसाव्या वर्षी कळतं. पूर्वी मरेपर्यंत कळत नसे.

बीडचे ते पोलीस, म्हणजे मुलगी म्हणून वाढलेले ललित साळवे, यांच्याबद्दल तुम्ही विचारलंत. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, पोलिसातली नोकरी टिकली, पुढं लग्न झालं, बाप झाले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र, जे सहसा पुरुषांत असतं, ते आढळलं होतं, हे तेव्हा बातम्यांत आलंय. म्हणून तुम्हाला वाटतं, आपणही रक्त तपासून घेऊ, म्हणजे खरं-खोटं कळेल. थोडं सांभाळा. ज्यांचं असं जुळत नाही त्या, म्हणजे ट्रान्स, माणसांपैकी बहुतेकांची गुणसूत्रं अगदी नेहमीसारखी निघतात. तुमच्या मुलाचीही तशी निघाली, तर तुम्ही त्याला "बघ, तू मुलगीच आहेस" म्हणणार का? डॉक्टरांना उपचारासाठी तपासणी हवी असेल तर करू दे. त्याला खोटं पाडायला नको.

आणि जोगते. दाराशी जग (डोक्यावरची देवीची मूर्ती-टोपली) घेऊन येणारे जोगते यल्लम्मा देवीला सोडलेले, त्यांची परंपरा वेगळी. टाळी वाजवणाऱ्या हिजडा समाजाची गुरू-चेल्यांची घरं वेगळी. दोन्हीकडं माणसंच आहेत. त्यातली बरीच जण दारोदार फिरतात ती त्यांना घरच्यांनी दार लावलं म्हणून, हौस म्हणून नव्हे. तुमच्या मुलासारख्यांना ट्रान्स पुरुष म्हणतात, पारलिंगी हाही शब्द आता वापरात आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडं असा जुना समाज नाही, गुरू नाही, देवीही नाही. मुलगी म्हणून वाढलेल्या पोराला घर सोडून जायलाही कुठं जागा नव्हती, म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं कुणाला दिसलीच नाहीत. ती लग्न होऊन कुणाच्यातरी घरात भाकऱ्या थापत होती.

इंजेक्शनांविषयी नीट सांगते, कारण भीती तिथंच जास्त आहे. आठवीतल्या पोराच्या अंगात जे होतं, ते टेस्टोस्टेरॉननं तेविसाव्या वर्षी होतं. पाळी साधारण तीन ते सहा महिन्यांत थांबते. आवाज त्याच सुमाराला फुटायला लागतो, आणि पुरता स्थिरावायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोंडावर मुरमं येतात. दाढी-मिशी हळूहळू येते, भरायला चार-पाच वर्षंही लागतात. भूक वाढते, अंग भरतं, खांदे रुंद दिसायला लागतात. इंजेक्शन बंद केलं तर पाळी बहुधा परत सुरू होते, अंगावरची चरबी पूर्वीसारखी बसते. पण फुटलेला आवाज आणि आलेली दाढी परत जात नाही. हे त्याला सुरुवातीलाच सांगितलं असेल, तरी तुम्हीही माहीत असू द्या.

धोकेही आहेत. रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि बाकीच्या तपासण्या करायच्या असतात. घाईनं परिणाम हवा म्हणून डोस वाढवणं, जिममधल्या ओळखीनं बाटली आणणं, हे फार वाईट. त्याला विचारा, "शेवटचं रक्त कधी तपासलंस?" आईनं हा प्रश्न विचारला की पोराला कळतं, आई आता भांडणाच्या बाजूनं बोलत नाहीय. दुसरं म्हणजे मूल. पुढं कधी स्वतःचं मूल हवं वाटलं तर बीजं काढून ठेवता येतात, पण तो विचार शक्यतो आधी करावा लागतो. त्यानं डॉक्टरांशी याबद्दल बोलून घेतलंय का, एवढंच विचारा. नातवंडाचा हट्ट त्यात घालू नका.

क्रेप बँडेज मात्र आजच्या आज बंद करायला सांगा. मला त्या बँडेजची काळजी इंजेक्शनापेक्षा जास्त वाटते. ते श्वासाबरोबर सैल होत नाही, आवळत जातं. बरगड्या दुखतात, कातडी सोलवटते, जिना चढताना धाप लागते. छाती सपाट दिसावी म्हणून खास शिवलेली बनियनसारखी वस्तू मिळते, तिला बाइंडर म्हणतात. तीसुद्धा मापाची घ्यायची, दिवसात आठ तासांच्या वर नाही, झोपताना आणि व्यायाम करताना नाही. ताई, तुम्ही त्याला एवढाच निरोप पाठवा: "ते बँडेज टाकून दे, चांगलं बाइंडर घे, पैसे मी पाठवते." तुमच्या दुकानाच्या गल्ल्यातले ते पैसे त्याला किती पुरतील, याचा तुम्हाला अंदाज नाही.

पुढच्या वर्षीचं ऑपरेशन म्हणजे बहुतेक छातीचं, त्यात स्तन काढून छाती पुरुषासारखी करतात. काही जण पुढं गर्भाशयही काढतात, काही जण आणखी अवघड शस्त्रक्रिया करून घेतात, काही जण काहीच करत नाहीत. काही कापलं नाही म्हणून तो कमी पुरुष ठरत नाही. पस्तावला तर, असं तुमच्या मनात येणारच. पस्तावणारी माणसं आहेत, मी लपवत नाही. पण आजवरच्या अभ्यासांत त्यांचं प्रमाण कमीच दिसलंय. म्हणूनच आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं, थोडा वेळ घेणं, चांगला सर्जन शोधणं असं क्रमानं करतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, तेवीस वर्षांचा आहे, स्वतः कमावतो. त्याला त्या दिवशी दवाखान्यात सोबतीला कुणीतरी लागेल. त्याचा विचार आत्तापासून सुरू करा.

वन्संच्या दोन्ही सल्ल्यांना माझा ठाम नकार आहे. लग्नानं कुणी ठिकाणावर येत नाही. तुमचं पोर रोज रात्री मरणयातना भोगेल, आणि कुणाचा तरी साधा-सरळ मुलगा कारण नसताना त्यात भरडला जाईल. देवऋष्याकडं तर मुळीच नाही. भूत काढतो म्हणून मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि पांढरा कोट घातलेला कुणी "दहा सिटिंगमध्ये मुलगी करून देतो" म्हणाला, तर तिथूनही उठा. अशा बदलून टाकणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

हे मी एवढ्या जोरात लिहिते, त्याला कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक आई माझ्यासमोर बसली होती. मी तिला म्हटलं, वय आहे, जाईल. मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायचं धाडस नव्हतं. तिनं माझ्या शब्दावर मुलाचं लग्न ठरवलं. मुलानं साखरपुड्याआधी घर सोडलं. त्या आईचा मला वर्षाकाठी एक फोन येतो, "काही कळलं का हो?" अजून काही कळलेलं नाही.

ह्यांच्या अबोल्याचं काय करायचं? भांडू नका. ह्यांना एक खरी गोष्ट सांगा. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये दोन मुलींचं प्रकरण आलं, एकत्र राहायचं म्हणून आईबापांपासून पळून आलेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर ते होतं. त्यांनी भर न्यायालयात कबूल केलं, की मला हा विषय कळत नाही, माझ्याही मनात पूर्वग्रह आहेत. मग ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, शिकले, आणि त्यानंतर निकाल लिहिला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला "मला कळत नाही" म्हणायला कमीपणा वाटला नाही. गडहिंग्लजच्या बापालाही वाटू नये. ह्यांनी काही बोललं नाही तरी चालेल, पण जेवायला एका पंगतीत बसावं. तिथपर्यंत आणलंत तरी यंदा पुष्कळ झालं.

कागदपत्रांची घाई नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात माणसाला स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्यावर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला. लिंगओळखीच्या प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. नाव बदलताना बहुतेक तो तुम्हाला विचारेल. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव त्यानं टाकलं, म्हणून वन्सं दुखावतील. पण दुसरं नाव ठेवायला आई हवी असं त्याला वाटत असेल, तर ते काम तुम्ही आनंदानं करा.

तुम्हाला रडू येईल. तुमच्या मनातल्या त्या मुलीचे परकर-पोलके पेटीत असतील, तिचं लग्न तुम्ही मनात कितीदा लावलं असेल. त्याचं दुःख खरं आहे, आणि ते तुम्ही बोललं पाहिजे. फक्त त्याच्यासमोर नको. मुंबईत अशा मुलांच्या आईवडिलांचा 'स्वीकार' नावाचा गट आहे, तिथं तुमच्यासारख्या आया भेटतील. तो फार गप्प झाला, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलायला लागला, तर १४४१६ हा मानसिक मदतीचा सरकारी टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हा नंबर तुमच्या फोनमध्येही ठेवा आणि त्याच्याही.

राहिली गौरी. इतकी वर्षं तो तुमच्याबरोबर गौरी आणायला, झिम्म्यात उभा राहिला असेल. यंदा काय करायचं, हे तुम्ही ठरवू नका आणि वन्संनाही ठरवू देऊ नका. हळदी-कुंकवाला बायका येतील तेव्हा त्याला घरात थांबायचंय की मळ्यात जायचंय, फोनवरच विचारून घ्या. शेजारणीनं आवाजाबद्दल विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यालाच विचारा. गावाला कधी आणि किती कळू द्यायचं, हे त्याचं त्यानं ठरवावं.

आणि पुण्याहून कुठली गाडी धरतोय, किती वाजता उतरतोय ते विचारून ठेवा. स्टँडवर आणायला धाकट्याला पाठवा, तुम्ही जाऊ नका. गाडीवरून घरापर्यंत यायला दोघा भावांना जो काही वेळ लागेल, तेवढ्यात त्यांचं त्यांना काय बोलायचं ते बोलू दे.